एक तरी डाग

एमआरआयच्या खोलीत धातू चालत नाही, म्हणून सरूबाईनं लेकीचं मंगळसूत्र आणि जोडवी काढून स्वतःच्या पदराच्या गाठीत बांधून ठेवली. लेकीला, प्रेरणाला, ल्युपस होता; शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार. आधी सांधे सुजले, मग गालांवर लाली आली आणि दिवाळीपासून ती भिंतीशी बोलायला लागली. सूज मेंदूपर्यंत गेली असेल, असा डॉक्टरांना संशय होता. बाहेरच्या बाकावर सगळेच हात जोडून बसले होते. सरूबाईनंही जोडले.

प्रेरणा आत कपडे बदलत होती, तेवढ्यात डॉक्टर फोटो बघून बाहेर आले.

"आजी, मेंदू स्वच्छ आहे. एकही डाग नाही."

सरूबाई उठून डॉक्टरांसमोर आली.

"नीट बघा ना साहेब. बारीकसा तरी असंल."

"अहो, हे चांगलंच आहे. आणि हा आजार फोटोत दिसतोच असं नाही. औषधं तर आपण देणारच आहोत."

"तुम्हाला कळतंय हो ते. जावई म्हणला, फोटोत आजार निघाला तर देवगावला नांदायला घेऊन जातो. नाय निघाला तर पोरगी येडी, तुमची तुम्हीच सांभाळा."



प्रेरणा बाहेर आली. आज कितीतरी दिवसांनी ती शुद्धीत असल्यासारखी हसली आणि मंगळसूत्र घालून घ्यायला आईपुढं मान वाकवून उभी राहिली.

सरूबाईचा हात पदराच्या गाठीवरच राहिला.