उसवलेली काजं

"हे कधी भाजलं?" डॉक्टरीणबाईंनी थोरलीचा उजवा हात उताणा धरून विचारलं.

थोरलीने वाकून पाहिलं. तर्जनीच्या पेरावर टपोरा फोड आला होता. "अगं बाई! सकाळी इस्त्री केली, तेव्हाचं असेल."

"आणि तुम्हाला कळलंच नाही?"

थोरली नुसती हसली. तिच्या खुर्चीमागे उभी असलेली धाकटी मात्र पुढे वाकून तो फोड बघू लागली.

सहावी केमो होऊन तीन आठवडे झाले होते. अंडाशयाचा कॅन्सर, त्याचं मोठं ऑपरेशन, मग या सहा केमो. थोरलीने एकदाही रडगाणं गायलं नव्हतं. केस गेले, तेव्हा तिने कोटांच्या उरलेल्या अस्तरातून टोप्या बेतल्या, रोज निराळ्या रंगाची. तोंडाची चव गेली, तेव्हा म्हणाली, "बरं झालं, आता धाकटीचा स्वयंपाक निमूट घशाखाली उतरेल." दोघी बहिणींचं शिवणाचं दुकान होतं. मशीन धाकटीचं, हातकाम थोरलीचं. कोटाची काजं थोरली हातानेच करायची, आणि त्या काजांसाठी लोक वाटेतली चार दुकानं टाळून यायचे. तिच्या अंगात जी काही ऐट होती, ती सगळी त्या काजांची होती.

तिसऱ्या केमोनंतर तीच काजं बिघडली. टाके कुठे दाट, कुठे विरळ. सुई बोटात शिरली तरी थोरलीला पत्ता नसायचा. कापडावर रक्ताचा ठिपका दिसला की सुईवरच चिडायची. एका दुपारी एका कोटाची काजं संपवून ती आतल्या खोलीत आडवी झाली. तिचा डोळा लागला असं बघून धाकटीने त्या कोटाची चारही काजं उसवली आणि नव्याने केली. तिला शिकवलं होतं थोरलीनेच, तेव्हा टाका अगदी तोच. उठल्यावर थोरलीने कोट उजेडात धरला, काजं जवळून पाहिली आणि म्हणाली, "जमतंय की मला अजून!"

धाकटीला वाटलं, आपण केवढं पुण्याचं काम केलं. मग ते रोजचंच होऊन बसलं.

गोष्ट दुकानातच राहिली असती तर एक वेळ चाललं असतं. पण डॉक्टरीणबाई दर खेपेला विचारायच्या, "हातापायांना मुंग्या येतात का? बधिरपणा?" त्यावर थोरली पिशवीतून तयार कोट काढायची आणि टेबलावर पसरायची. "आधी ही काजं बघा, मग विचारा. आणि तुमच्या बाहीचं बटण लोंबतंय, ते कुणाकडून तरी लावून घ्या." डॉक्टरीणबाई खळखळून हसायच्या आणि कागदावर 'नाही' लिहायच्या. धाकटी तेवढा वेळ फरशीकडे बघत राहायची. केस परत येतात तशी बोटंही येतील, असं तिने मनाशी धरलं होतं. कुणाला विचारलं नव्हतं. विचारायला एक वाक्य पुरलं असतं.

"डोळे मिटा," डॉक्टरीणबाई आता म्हणाल्या. "मी टाचणी लावते. टोचलं की सांगा."

थोरलीने डोळे मिटले. अंगठा झाला, तर्जनी झाली, मधलं बोट झालं, करंगळीही झाली.

"अहो, सुरुवात करा की," थोरली म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी टाचणी खाली ठेवली. रिपोर्ट चांगले होते, ते त्यांनी आधी सांगितलं. गाठ कुठेही दिसत नव्हती. मग चष्मा काढून म्हणाल्या, "हा बधिरपणा केमोच्या औषधाचा, आणि आजचा नाही. सुरू झाला तेव्हाच सांगितलं असतं, तर मी औषध कमी केलं असतं, नाहीतर बदललं असतं. उपचार काही थांबले नसते. आता थोडं परत येईल, त्यालाही वर्ष लागेल. पण सगळं येईल, असं मी म्हणू शकत नाही."

"आणि काजं?" थोरलीने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी तिचा हात फक्त दाबला. थोरलीला तेही कळलं की नाही, देव जाणे.

बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या धाकटीला रडू फुटलं. "ताई, ती काजं माझी होती. तू झोपलीस की मी तुझी उसवायचे आणि नवी करायचे. तिसऱ्या केमोपासून. माझ्यामुळे गेली गं तुझी बोटं."

"पहिल्या दिवशीच कळलं मला," थोरली म्हणाली. "माझा टाका मी ओळखणार नाही होय?"

धाकटीचं रडू जागच्या जागी थांबलं. "मग बोलली का नाहीस? डॉक्टरांना सांगायचंस! उलट दर वेळी तो कोट काढून दाखवायचीस!"

थोरली हळूच म्हणाली, "मी झोपलेली नसायचे. दार किलकिलं असायचं. तू माझे टाके उसवायचीस आणि ढसाढसा रडायचीस. म्हटलं, हिला माझं आणखी काही बिघडलेलं सोसायचं नाही. हिच्यापुरतं तरी आपण धडधाकटच राहायचं."