हातांचे फोटो

स्वयंपाकघरात जावेच्या बांगड्या किणकिणल्या आणि बैठकीतली शांतता मोडली. लॅपटॉपपुढे बसलेल्या केतकीची नजर आपसूक स्वतःच्या मोकळ्या मनगटांकडे गेली.

सासऱ्यांच्या होलसेल बांगड्यांची वेबसाइट तिनेच उभी केली होती. डब्यातल्या बांगडीकडे कुणी बघत नाही, म्हणून नवऱ्याने तिच्या हातांत एकेक जोड भरून फोटो काढले आणि पार बेळगाव-नागपूरचे दुकानदार ऑर्डरी देऊ लागले. मग तो अपघातात गेला. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी सासरे म्हणाले, "ते हात काढ तिथून. सवाष्णींचा माल आहे आपला." केतकीने स्वतःच ते फोटो उतरवले आणि जावेच्या हातांचे चढवले.

तीन महिन्यांत ऑर्डरी निम्म्यावर आल्या. आज सासरे तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"जुने फोटो ठेवलेस का गं?"

"आहेत, अण्णा."

"मग चढव परत. हात कुणाचे, हे दुकानदारांना काय कळतंय!"

"सुटले बाई!" जाऊ आतून हसली. "रोज हातांना क्रीम चोळून कंटाळले होते."

स्क्रीन पुन्हा केतकीच्या हिरव्यागार हातांनी भरली. एका फोटोच्या कोपऱ्यात नवऱ्याचा अंगठा तसाच राहून गेला होता.

चार वर्षांच्या लेकीने नमुन्यांच्या खोक्यातली बांगडी आणून आईच्या हातात सरकवली. सासऱ्यांनी ती ओढून काढली. "आईनं घालायच्या नसतात, राणी."

लेकीने स्क्रीनवर बोट टेकवलं. "आई, हा तुझाच हात ना? मग याला कशा चालतात?"