पाच माणसांची टाकी

सोपानराव सरपंचांनी उपरण्याचं टोक नाकाला लावलं आणि काठीनं टाकीचं झाकण ठोकलं.

"बुजवा ही. आखितीच्या आत."

झाकणाच्या कडेनं काळं पाणी झिरपून गल्लीत उतरत होतं. त्याला घाई नव्हती, पण दिशा पक्की होती. खाली मारुतीचं देऊळ होतं.

"बुजवा काय बुजवा?" उद्धवराव म्हणाले. "पाच माणसांच्या हिशेबानं बांधलीय. घरात आम्ही तिघं. वर्षाच्या आत भरायचं कारणच नाही."

"पण भरली."

"म्हणजे बाहेरचं पाणी शिरतंय. तुमच्या गटाराचं."

"आमच्या गावाला गटारच न्हाई. शिरंल कुठनं?"

"मग नाही म्हणूनच शिरतंय!"

सोपानरावांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. "तुमी वाईची माणसं," ते जाता जाता म्हणाले, "खाता तरी किती?"

पिंपरीला औषधांचा कारखाना निघाला तेव्हा उद्धवराव वाईहून नोकरीला आले आणि पवनेकाठच्या या गावात घर बांधून राहिले. गावातला पहिला संडास त्यांच्या परसात झाला. तोही हौसेनं नव्हे. मुलाची सोयरीक ठरवताना पुण्याच्या कसबा पेठेतल्या व्याह्यांनी मानपान काही मागितला नव्हता, एकच अट घातली होती: आमची मुलगी तांब्या घेऊन रानात जाणार नाही. लग्न वैशाखातच होतं. टाकी बुजली की सोयरीक मोडली.

उद्धवरावांनी पंचायतीकडं अर्ज केला. चावडीत सभा भरली, मोकाट वळूवर बोलणं झालं, देवळाच्या चुन्यावर झालं, आणि टाकीचा विषय पुढच्या सभेवर गेला. पुढच्या सभेत पुन्हा वळू निघाला.

"तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता?" शालनबाई म्हणाल्या. "होईल सगळं नीट."

"तुला काय माहीत?"

"असं आपलं वाटतं. त्यापेक्षा परसात आणखी एक पिंप आणा. पाणी पुरत नाही."

मुलाचं लग्न मोडायला आलं आणि हिला पिंप सुचतंय! उद्धवरावांनी कपाळाला हात लावला.

शेवटी ज्योतीरामनं त्यांना वाट दाखवली. ज्योतीराम गावचाच, कारखान्यात त्यांच्याच खात्यात होता.

"राव, तुमी चुकीच्या सभेला जाताय. चावडीत नुसते हात वर करत्यात. ठरतं ते ओढ्यावर, सकाळच्या पारी. समदे पंच तिथंच बसत्यात. बांधाचं भांडण, पाटाचं पाणी, पोरीची सोयरीक, तांब्या रिकामा व्हायच्या आत मिटतं."

"मला कुणी सांगितलं नाही ते."

"कोण सांगणार? तुमी घरात संडास बांधला आन सभेतनं आपणहून उठलात."

दुसऱ्या दिवशी उद्धवरावांनी रजा टाकली. बायकोला सांगितलं नाही. पहिल्या शिफ्टला निघाल्यासारखे कारखान्याचे कपडे चढवून निघाले. पिशवीत डब्याऐवजी तांब्या होता.

ओढ्याकाठी बाभळींच्या आडोशानं पंच बसले होते. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. उद्धवरावांनी एक बरंसं झुडूप पाहून बैठक मारली.

"ती उपसरपंचांची जागा हाय," एका बाभळीमागून आवाज आला. "जरा खाली सरका."

उद्धवराव सरकले. मग घसा साफ करून त्यांनी सगळं मांडलं. टाकी, व्याही, अट, वैशाख. आयुष्यात एवढं मोठं भाषण त्यांनी केलं नव्हतं, आणि तेही उकिडवं बसून.

कुणीच उठेना. तांबे सगळ्यांचे भरलेलेच होते. जो तो नुसताच बसून राहिला होता. उद्धवरावांना वाटलं, हीच सभेची शिस्त असणार.

"बुजवू नका," सोपानरावांचा आवाज आला. आवाज जरा खोल गेलेला वाटला.

"काय म्हणालात?"

"टाकी ऱ्हाऊ द्या. पंचायत शेजारीच दुसरी खणून दील. श्रमदानातनं. कुणाची हरकत?"

"न्हाई," सगळी झुडपं एकदम म्हणाली.

"मोठी खणा," उपसरपंचांचं झुडूप म्हणालं. "आन आजच जाऊन सांगा घरी."

उद्धवराव तरंगतच परत निघाले. इतके दिवस चावडीचे उंबरे झिजवले ते फुकट, आणि माणसांत येऊन एकदा बसलो तर काम चुटकीसरशी झालं! रजेच्या दिवशी ओढ्यावर यायचंच, असं त्यांनी वाटेतच ठरवून टाकलं. शालनबाईंना चकित करावं म्हणून ते मागच्या गल्लीतून परसात शिरले.

परसात बायकांची रांग लागली होती. संडासाच्या दारापासून पार विहिरीपर्यंत. डोईवर पदर, हातात तांब्या, आणि तोंडानं अखंड गप्पा. वरच्या आळीच्या होत्या, खालच्या आळीच्या होत्या. शालनबाई पिंपाशी उभ्या राहून एकेकीचा तांब्या भरून देत होत्या.

उद्धवरावांना बघून गप्पा थांबल्या.

"अहो," शालनबाई म्हणाल्या, "तुमची पहिली शिफ्ट ना?"

रांगेत सगळ्यांत पुढं सरपंचांच्या अंबूबाई होत्या. त्यांनी पदर सावरला, पण जागा सोडली नाही.

"झाली का सभा?" त्यांनी विचारलं. "दुसरी टाकी देतो म्हणालं ना आमचं मालक?"

"हो. पण तुम्हाला कसं…"

"न दिऊन सांगत्यात कुणाला! परवापासनं गावात एका बी घरात चूल पेटवली न्हाई आमी."