पाडव्याची आंघोळ

पाडव्याच्या पहाटे सासूने केतकीपुढे उटण्याची वाटी धरली. "लाव गं त्याला. सणाचा पारोसा ठेवू नये."

'तो' म्हणजे अंगणातल्या टॅक्सीची पुढची काच. मालकाच्या गालाचं कातडं रुजवून अशा जिवंत काचा वाढवत. खडा लागला की खपली धरून त्या आपोआप भरून येत. केतकीचा नवरा भास्कर जाऊन वर्ष झालं. त्याच्या गालाची काच तेवढी जगली.

परवा घाटात डंपरच्या चाकाखालून खडा उडाला होता. तडा भरत आला होता आणि कडेने पिवळा पू ओघळत होता. पणतीच्या उजेडात केतकीने उटणं चोळलं. थंडगार काचेवर तिच्या हाताखाली काटा उठला. मग तोच आंबूस घामाचा वास सुटला, मारून झाल्यावर भास्कर जवळ सरकायचा तेव्हाचा.

"बघ, ओळखलं तुला माझ्या लेकानं," सासू डोळे पुसत म्हणाली. "आता काच बदलायचं नाव काढू नकोस."

"नाही काढत, आत्या."

केतकीने बंबातलं उकळतं पाणी बादलीत काढलं. गार काचेवर कढत पाणी ओतलं तर ती अशी तडकते की खपलीसुद्धा धरत नाही, हे तिला भास्करनेच शिकवलं होतं. कानशिलात देऊन.

"गार पाण्याचं विसण घातलंस ना गं? पोळेल त्याला."

"घातलंय," केतकी म्हणाली, आणि तिने वाफाळती बादली उचलली.