‘अति’ खोडल्यावर

साहेब, एक शब्द खोडायला लावून तुम्ही आमच्या बुधीच्या लेकीचं जेवण तोडलंत.

तीन महिन्यांपूर्वी पोरगी अंगणवाडीत आणली, तेव्हा मीच नोंदवहीत लिहिलं होतं, ‘अति कुपोषित’. बुधीनं विचारलं, “बाई, अति म्हंजे?”

“अति म्हणजे जास्त. हद्दीबाहेर.”

“मंग आमच्या घरात एक तरी गोष्ट जास्त हाय म्हणा!” असं म्हणून ती इतकी हसली, की मला तोंड फिरवावं लागलं.

रोज तीनदा पोरीला जादा आहार भरवला. काल दंडाला मापाची पट्टी लावली, तर खूण लालवरून पिवळ्यावर! बुधीनं लेकीला कडेवर घेऊन अंगणभर गिरक्या घेतल्या. “गेलं बाई, अति गेलं!” मीही ओरडले. आनंदानं तुम्हाला फोन लावला.

तुम्ही म्हणालात, “अभिनंदन! आता ‘अति’ खोडा. जादा आहार उद्यापासून बंद.”

‘अति’ खोडलं, साहेब. ‘कुपोषित’ तसंच राहिलंय. आज तीच पोरगी पहिल्यांदा आपल्या पायांनी चालत आली, अन् वाटी पुढे करून दारात उभी आहे. तिला मी काय सांगू? बोला!