विटांवरची गाडी

माझा धाकटा भाऊ भूपेश मोटारींच्या शर्यतीत तीनदाच उतरला. तिसऱ्या वेळी गाडी परत आली, तो आला नाही.

तो शर्यतीला निघाला की मी पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायची. ते चिरडत तो हसून म्हणायचा, "ताई, लिंबावर एवढा भरवसा, मग ब्रेक कशाला?"

आता गाडी कात्रपला, आमच्या बिल्डिंगखाली सावलीत विटांवर उभी आहे. चाकं आणि इंजिन भंगारवाल्या जयदेवनं तेव्हाच नेली. सांगाडा मला देववेना.

रविवारी सवयीनं मी चाकाच्या जागी लिंबू ठेवते. संध्याकाळी ते चिरडलेलं असतं. मांजरावर आळ घेते आणि जमीन पुसते.

सोसायटीनं तगादा लावला, म्हणून आज जयदेवला बोलावलं. त्यानं बॉनेटवर हात टेकला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"दीदी, इंजिन तर मीच नेलं होतं ना?"