अळणी

"नथानियलचं ताट नाय मांडलंस?" मोझेसने विचारलं.

दीनाच्या हातातला डाव तसाच राहिला. पातेल्यात दुधीची भाजी होती, ताटात दोन उकडलेली अंडी आणि भाजलेल्या सुरमईचा तुकडा. भात नाही, भाकरी नाही. साखर आणि बीपी दोन्ही वाढल्यावर डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. मीठ जरा कमी करा, असंही म्हणाले होते. दीनाने ते बंदच केलं. लोणचं, सुकट, पापड, सगळं शेजारच्या सलीमाला देऊन टाकलं. घरातलं एक माणूस गेलं होतं, दुसरं तिला घालवायचं नव्हतं. मोझेसने कधी कुरकुर केली नाही. पुढ्यात येईल ते तो गिळायचा.

पण मुलाचं नाव त्याने चार वर्षांत घेतलं नव्हतं. वडखळच्या अलीकडे नथानियलची मोटारसायकल डंपरखाली आली. त्याला पुरून आल्यावर मोझेसने भिंतीवरचा फोटो उतरवला आणि कपाटात ठेवला. नंतर दीनाने विषय काढला की तो चपला घालून बाहेर पडायचा, कुंडलिका नदीच्या पुलावर जाऊन उभा राहायचा. मग तिनेही सोडून दिलं.

"अवो, काय बोलताय?"

"शिफ्ट सुटली असंल त्याची. येईल आता भूक भूक करत." मोझेस हसला.

सकाळपासून त्याला बरं नव्हतं. एकदा उलटी झाली, मोरीत जाताना तोल गेला. दीनाला ते दिसत होतं. तरी तिने फळीवरून दुसरं ताट काढलं आणि त्याच्या शेजारी मांडलं.

"लहानपणी जोहेच्या गणपतीच्या कारखान्यातनं मातीचा उंदीर आणलान खिशातनं, आठवतंय?" मोझेस म्हणाला. "रंग पण दिलेला नव्हता."

"उशाखाली घेऊन निजला होता."

"आणि फुटला! केवढा रडलान गो!"

दीना हसली. हसता हसता तिने पदर तोंडावर धरला.

सलीमा वाटी परत द्यायला आली ती दारातच थबकली. मोझेस रिकाम्या ताटात माशाचा तुकडा वाढत होता.

"दीनाभाबी, भाईंचे डोळे बघा. हे काय बरं नाय. रिक्षा बोलावते मी."

"थांब गो जरा," दीना म्हणाली. "बोलू दे त्यांना."

सलीमा वाटी ठेवून गेली.

तो दुपारभर बोलला. पोराची पहिली सायकल, पहिला पगार, त्याला पसंत पडलेली पनवेलची मुलगी. यातलं काही तर दीनाला माहीतही नव्हतं. ती मध्ये मध्ये विचारत राहिली. त्याची जीभ जड झाली, शब्द अर्धे यायला लागले, तेव्हा ती खुर्ची आणखी जवळ घेऊन बसली. दिवेलागणीला त्याला आकडी आली आणि तो खुर्चीवरून खाली पडला.

सलीमाच्या नवऱ्याने, सुलेमानने रिक्षा आणली. पूल ओलांडून रोह्याच्या दवाखान्यात नेलं.

"रक्तातलं मीठ पार उतरलंय," रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले. "त्यात बीपीसाठी लघवी होण्याची गोळी चालू. मीठ कमी करायला सांगितलं होतं बाई, बंद करायला नाही. भ्रम कधीपासून होता?"

"दुपारपासून."

"आणि आत्ता आणताय?"



हळूहळू सलाइन चढलं. मोझेस दोन दिवस नुसता पडून होता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने डोळे उघडले, तिला ओळखलं, पाणी मागितलं. वार कुठला ते विचारलं आणि तिने सांगितल्यावर बोटं मोजून पडताळून घेतला. डोकं ताळ्यावर आलं होतं.

"मी काय बडबडलो काय गो?" त्याने विचारलं.

नाही म्हणावं, असं दीनाच्या मनात आलं. पण तिला राहवलं नाही.

"नथानियलबद्दल बोलत होतात. येतोय म्हणालात. त्याची वाट बघत बसला होतात. मी पण बसले तुमच्यासोबत."

मोझेसने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही.

"मग मला इथे कशाला आणलंस?" तो म्हणाला.